गळा आणि चेहरा

ईव्ह मोंतां हा फ्रेंच कलावंत आपल्याकडच्या चित्रपटांच्या शौकिनांना ठाऊक असतो तो नट म्हणून. मुळात तो गवई. जन्म इटलीतला, वाढला फ्रान्समधल्या मार्से बंदरातल्या कष्टकरी वस्तीत. पोटासाठी मिळेल ते काम करता करता तो रंगमंचावर गाऊ लागला, १९४४ साली एदित पियाफसारख्या थोर गायिकेने त्याला हाताशी धरले आणि पॅरिस त्याच्या गाण्यावर लुब्ध झाले. पण नट म्हणून त्याचा खरा बोलबाला झाला तो १९५३ साली, क्लूझो या दिग्दर्शकाच्या 'वेजेस ऑफ फिअर' या चित्रपटाने. त्यात तो स्फोटक द्रव्याने भरलेली मालमोटार डोंगरवाटेने हाकतो. अंगावर काटा आणणारे काम आहे, आणि त्यात त्याला गाण्याचा आधार मुळीच नाही. पुढे १९६० साली शार्ल अझनावूर या दुसऱ्या लोकप्रिय गायकाला त्रुफोने घेतले, तर त्याला दिली पियानो वाजवणाऱ्याची भूमिका. वाजवायचे, गायचे नाही!

तिकडे गवयाला नट व्हायचे तर त्याने आपला गळा दाराबाहेर ठेवून आत यावे, अशी जणू रीतच. आपल्याकडे नेमके उलट होते. बोलपटाच्या पहिल्या पंधरा वर्षांत गळा नसलेल्याला दारातच अडवीत. चेहरा बरा असला तर उत्तम, नसला तरी रंगभूषाकार आहेच. पण सूर पाहिजे. त्या रीतीने आत गेलेल्या माणसांत मराठीपुरते बोलायचे तर शांता आपटे यांच्याइतके दुसरे नाव मला महत्त्वाचे वाटत नाही. गाणे त्यांना सिनेमात घेऊन गेले, आणि तिथे गेल्यावर त्या गाण्याच्या पलीकडे कुठवर पोचल्या, ते आजच्या वाचकाला सांगावे असे आहे.

शांताबाईंचा जन्म १९१६ चा, सोलापूर जिल्ह्यातल्या दुधनीचा. सोलापूरहून गुलबर्ग्याकडे जाणाऱ्या रेल्वेवरचे हे गाव. त्या वेळी अक्कलकोट संस्थानाचा हा भाग. पलीकडे लगेच निजामाचे राज्य सुरू होई. बाजारात मराठीइतकीच कानडी ऐकू येणारी ही सरहद्द. गाण्याचे पहिले शिक्षण पंढरपूरच्या संगीत विद्यालयात झाले. आम्हा लातूरकरांना पंढरपूर काही परके नाही. बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी रुळांची छोटी गाडी १९०६ साली पंढरपूरला पोचली आणि १९११ साली लातूरला. कुर्डुवाडीला गाडी बदलली की लातूरचा वारकरी थेट विठोबाच्या दारात. ती गाडी आता राहिली नाही, पण आमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात ती अजून धावते. त्याच पंढरीत, टाळमृदंगाच्या शेजारी बसून ही मुलगी स्वर घोटवत होती, हे कळले तेव्हा तिच्या गाण्यातल्या एका गोष्टीचा मला उलगडा झाला. तिच्या गाण्यात शास्त्राची बैठक आहे, पण स्वर कधी आढ्याकडे पाहत नाही. समोरच्या माणसाकडे पाहतो. कीर्तनाच्या गावात वाढलेल्या गळ्याला ही सवय लागत असावी, असा आपला माझा तर्क.

'आलम आरा' हा पहिला हिंदी बोलपट १४ मार्च १९३१ रोजी मुंबईत लागला आणि वर्षभरात मराठीही बोलू लागली. कंपन्या गाणाऱ्या मुलामुलींच्या शोधात निघाल्या. नाटक कंपन्यांत गाणारे पुष्कळ होते, परंतु तिथे स्त्रीच्या भूमिका बहुतेक पुरुष करीत, आणि कॅमेरा इतका जवळ येतो की तिथे ते सोंग चालत नाही. गाणारी, खरीखुरी मुलगीच हवी. १९३२ साली भालजी पेंढारकरांनी 'श्यामसुंदर' काढला. त्यात शाहू मोडक कृष्ण झाले आणि शांता आपटे राधा. दोघेही पोरसवदा. मुंबईत तो बोलपट पंचवीस आठवड्यांहून अधिक चालला. तोवर असे यश कुणाला ठाऊक नव्हते.

मी नांदेडला महाविद्यालयात मराठी शिकवते. नारायण हरी आपटे यांच्या कादंबरीवर बोलताना एकदा पडद्यावर शांताबाईंचे गाणे लावले, तेव्हा मुखेडकडची एक विद्यार्थिनी म्हणाली, "मॅडम, ही खरंच गातेय का?" आजच्या मुलीला हा प्रश्न पडणारच. पडद्यावरचा माणूस ओठ हलवतो आणि आवाज दुसऱ्याचा असतो, हे तिने जन्मापासून धरून चाललेले आहे. सुरुवातीच्या बोलपटात मात्र गाणे आणि चित्र एकाच वेळी टिपीत. नटीने कॅमेऱ्यासमोर उभे राहून गायचे, डोक्यावर चौकटीच्या बाहेर ध्वनिग्राहक टांगलेला, पेटीवाला आणि तबलजी कॅमेऱ्याला दिसणार नाहीत अशा आडोशाला बसलेले. मान फार वळवली तर आवाज निसटतो. दोन पावले पुढे आले तर वाद्ये मागे राहतात. चुकले की सगळे पहिल्यापासून. साहजिकच त्या काळचे बहुतेक गाणारे खांबासारखे उभे राहत, चेहरा कोरा ठेवत आणि गाणे संपले की मग अभिनयाला लागत. गाणे हा कथेतला विसावा होता.

शांताबाईंनी हा विसावा मोडला. १९३४ साली त्या पुण्यात प्रभात फिल्म कंपनीच्या 'अमृतमंथन'मध्ये आल्या. दिग्दर्शक व्ही. शांताराम, संगीत केशवराव भोळे यांचे. भोळे स्वतः जाणते समीक्षक. 'एकलव्य' या नावाने त्यांनी गवयांवर लिहिलेले आजही वाचण्यासारखे आहे. त्यांच्या चालींवर गाताना शांताबाईंचे डोळे, भुवया, खांदे सगळे शब्दांबरोबर चालते. ओळ संपायच्या आधीच पुढच्या ओळीचा भाव चेहऱ्यावर उमटतो. आज ही चित्रे पाहताना काही ठिकाणी हा चपळपणा थोडा जास्त वाटतो, हे मी नाकारणार नाही. पण तिच्या आधीचे दोन बोलपट पाहावेत आणि मग तिला पाहावे. गाणारी बाई पडद्यावर विचार करते आहे, हे पहिल्यांदा दिसते.

आणि हे सगळे दोनदा! प्रभातचे बरेच बोलपट मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत निघत. एक प्रसंग मराठीत झाला की तोच हिंदीत, एक गाणे मराठीत म्हटले की त्याच चालीवर हिंदीत. आमच्या मुलखाला याचा एक वेगळाच फायदा होता. नांदेड आणि लातूर १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. घरात मराठी, कचेरीत उर्दू आणि उस्मानिया विद्यापीठाचे शिक्षणही उर्दूतून. त्यामुळे त्या पिढीच्या माणसाला 'कुंकू' काय आणि 'दुनिया न माने' काय, दोन्ही सारखेच कळत. माझ्या लहानपणी लातूरला असे काही म्हातारे होते, जे एकाच गाण्याची मराठी ओळ म्हणून तिला हिंदी ओळीची जोड देत.

'कुंकू' १९३७ चा. नारायण हरी आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवर तो बेतलेला. नीरा नावाच्या मुलीला फसवून एका म्हाताऱ्या विधुर वकिलाशी तिचे लग्न लावून देतात. ती मुलगी रडत बसत नाही आणि पळूनही जात नाही. त्या घरात राहते, आणि त्या माणसाला आपला नवरा म्हणायला साफ नकार देते. गोष्ट एवढीच. पण १९३७ सालच्या मराठी पडद्यावर नायिका म्हणजे सोसणारी. मारुतीच्या बेंबीत बोट घालावे तसे हे काम होते. केशवराव दात्यांनी म्हातारा असा उभा केला आहे की त्याचा राग यावा आणि कीवही यावी. मिशांना कलप लावणारा, आरशाला भिणारा, घरातल्या जुन्या घड्याळाच्या टोल्यांनी दचकणारा माणूस. आणि या चित्रात पार्श्वसंगीत नाही. घड्याळाची टिकटिक, भांड्यांचा आवाज, रस्त्यावरचे सूर, जे घरात खरोखर ऐकू येईल तेवढेच. अशा शांततेत जेव्हा नीरा गाते तेव्हा तो गाण्याचा कार्यक्रम राहत नाही. त्या घरात तिला जी एकच गोष्ट स्वतःची म्हणून उरली आहे, ती ती वापरते आहे असे वाटते. एके ठिकाणी ती चक्क लाँगफेलो या अमेरिकन कवीची एक इंग्रजी कविता गाते. कुंकू लावलेली, नऊवारीतल्या बायकांच्या घरातली मुलगी, आणि तोंडात इंग्रजी कविता! आज हसू येईल, पण तिचा आवाज एकदाही डळमळत नाही.

घरातला थोरला सावत्र मुलगा तिच्या वाटेला जातो तेव्हा ती छडी उचलते. त्या प्रसंगात गाणे नाही, संगीत नाही. इथे गवई संपला आणि नटी उरली, असे म्हणणारे म्हणतील. मला तसे वाटत नाही. त्या वेळच्या तिच्या बोलण्याला जी लय आहे, श्वास कुठे तोडायचा याचे जे भान आहे, ते गाणाऱ्याचेच आहे. मोंतांने गळा बाहेर ठेवून जे साधले, ते शांताबाईंनी गळा आत आणून साधले.

इथे थोडे घरचे सांगते. माझी आजी दुसरेपणावर दिलेली होती. आजोबा तिच्याहून वीसएक वर्षांनी मोठे. माणूस वाईट नव्हता. पण तेरा वर्षांच्या मुलीला ते कळायलाही काही वर्षे जावी लागतात. तिने 'कुंकू' पाहिला तो सोलापूरला, माहेरी गेली असताना, भावाबरोबर. मी एम. ए. करीत असताना तिला सहज विचारले, "आजी, त्यातलं तुला काय आठवतं?" मला वाटले, गाणे म्हणून दाखवील. ती म्हणाली, "त्या पोरीनं मान खाली घातली नाही बघ. एकदाबी नाही." जरा थांबून म्हणाली, "आम्हाला येत नव्हतं हो तसं." शेवट कसा होतो, म्हातारा आपणहून जीव देतो आणि तिने दुसरे लग्न करावे असे पत्रात लिहून ठेवतो, त्याबद्दल ती काहीच बोलली नाही. भावाने घरी आल्यावर कुणाला सांगू नको म्हणून बजावले होते, एवढे मात्र तिने हसत सांगितले. आजोबांना तिने तो सिनेमा पाहिल्याचे कधीच कळले नाही.

आणि हे सगळे जुने झाले असे तरी कसे म्हणू? तुळशीचे लग्न लागले की आमच्या वर्गातला एखादा बाक रिकामा होतो. हजेरीपटावर नाव असते, मुलगी नसते. चौकशी केली की मैत्रिणी सांगतात, "तिचं जमलं, मॅडम." नवरा म्हातारा नसतो, हे खरे. पण तिला कुणी विचारले होते का, हा नीराचा प्रश्न तसाच असतो. म्हणून मी दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीआधी 'कुंकू' लावते. अभ्यासक्रमात तो नाही.

पडद्यावर मान ताठ ठेवणाऱ्या पुष्कळ असतात. शांताबाईंनी ती पडद्याबाहेरही ठेवली. १९३८ साली 'गोपालकृष्ण'मध्ये त्यांची राधा लोकांनी डोक्यावर घेतली. राम मराठे त्यात कृष्ण होते. त्यानंतरच्याच वर्षी, जुलै १९३९ मध्ये, करार आणि पगार यांच्या वादातून त्या प्रभातच्या फाटकाशी उपोषणाला बसल्या. पुण्यातली सर्वांत नावाजलेली कंपनी, तिची सर्वांत नावाजलेली नटी, आणि ती फाटकाबाहेर अन्न सोडून बसलेली! प्रतिष्ठित मंडळींना ही नाटकीपणाची कमाल वाटली असणार. पण उपोषण हे त्या काळी राजकारणातले जाणते शस्त्र होते, आणि ते एका पगारदार बाईने आपल्या मालकावर उपसले, ही गोष्ट मला 'कुंकू'हूनही मोठी वाटते. त्या आवारात १९६० साली सरकारची फिल्म इन्स्टिट्यूट आली. आता तिथे अभिनय शिकवतात.

प्रभात सुटले. १९४० साली त्यांचे 'जाऊ मी सिनेमात?' हे पुस्तक आले. नटीचे पुस्तक म्हटल्यावर वाचक ज्या गोष्टी शोधतो त्या त्यात नाहीत. सिनेमात जाऊ पाहणाऱ्या तरुण मुलामुलींना समोर बसवून ही बाई सांगते की झगमगाटाच्या मागे काम आहे, काम करणारे शरीर आहे, आणि ते शरीर थकते. मालक आणि राबणारा यांच्यातला हिशेब ती मांडते. एका स्नेह्याने मला त्याची छायाप्रत दिली. आमच्या मराठी आत्मपर लेखनाच्या यादीत हे पुस्तक क्वचितच दिसते, याचे मला नवल वाटते. नाटकांतल्या नटांच्या आठवणी आम्ही भक्तिभावाने वाचतो. पण गाणारी मुलगी श्रमाबद्दल बोलू लागली की ती आमच्या कोणत्याच कप्प्यात बसत नाही.

१९४१ साली त्या मद्रासकडे गेल्या. वाय. व्ही. राव यांच्या तमिळ 'सावित्री'त सावित्रीची भूमिका करायची होती. त्यासाठी त्या तमिळ शिकल्या आणि स्वतःच बोलल्या, स्वतःच गायल्या. कानडीच्या शेजारी जन्मलेल्या मुलीला दक्षिणेचे उच्चार थोडे सोपे गेले असतील, तरीही हे धाडस होते. कारण त्याच चित्रात नारद झाल्या होत्या एम. एस. सुब्बुलक्ष्मी. त्याही गाण्याच्या वाटेने सिनेमात आलेल्या. 'कल्की' हे तमिळ साप्ताहिक काढायला पैसे उभे करायचे म्हणून सुब्बुलक्ष्मींनी ती भूमिका घेतली होती. साप्ताहिकाच्या दिवाळी अंकात लिहिताना हे सांगायला मला विशेष आनंद होतो! दोन गाणाऱ्या बायका एका चित्रात. पुढे 'मीरा' करून सुब्बुलक्ष्मी सिनेमातून बाहेर पडल्या आणि मैफलीकडे वळल्या. शांताबाई सिनेमातच राहिल्या.

मग लाहोरचा 'जमीनदार', 'दुहाई', 'मोहब्बत', अशी चित्रांमागून चित्रे आली. सगळ्यांबद्दल लिहिण्यासारखे नाही. कारण तोवर खालची जमीनच सरकू लागली होती. १९३५ साली कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने 'धूप छाँव'मध्ये गाणे आधी मुद्रित करून मग चित्रणाच्या वेळी वाजवण्याची युक्ती वापरली. सुरुवातीला तिचा हेतू साधा होता. नटाला हलता यावे, ध्वनिग्राहकाशी बांधून राहू नये. पण एकदा गाणे आणि चित्र वेगवेगळ्या वेळी टिपता येऊ लागल्यावर, ज्याचा चेहरा त्याचाच गळा का, हा प्रश्न उरलाच नाही. सुंदर चेहऱ्याला सुंदर गळा भाड्याने मिळू लागला. नटीला गाता यायची गरज संपली, आणि गाणारीला दिसण्याची.

१९४६ साली मास्टर विनायकांनी 'सुभद्रा' काढला. संगीत वसंत देसाईंचे. त्यात शांताबाईंबरोबर एक द्वंद्वगीत आहे. दुसरा आवाज आहे सोळासतरा वर्षांच्या एका मुलीचा. तिची त्या चित्रात छोटी भूमिकाही आहे. तीही गाण्याच्या घरातून आलेली, वडील गेल्यावर घर चालवण्यासाठी नाइलाजाने तोंडाला रंग लावणारी. लता मंगेशकर. शांताबाईंचा स्वर भरलेला, शब्दावर रेलणारा, अंगाने गाणारा. लताबाईंचा अजून कोवळा, पण ध्वनिग्राहकासाठीच घडलेला. पहिल्या बाईला चेहऱ्यासकट गायचे असते. दुसरीला चेहरा लावण्याची कटकट लवकरच संपणार होती, आणि तिला स्वतःलाही ती नकोच होती.

देशाची फाळणी झाली, नूरजहाँ पाकिस्तानात गेल्या; सैगल त्याआधीच, जानेवारी १९४७ मध्ये वारले होते. गाणाऱ्या नटांची फळी विरळ झाली. शांताबाईंनी १९४८ सालच्या 'भाग्यरेखा'त काम केले, त्यात पु. ल. देशपांडेही होते. मराठी, हिंदी, अगदी एक गुजराती चित्रही त्यांनी केले. पौराणिक भूमिका येत राहिल्या. काम मिळत होते, पण 'कुंकू'सारखी गोष्ट पुन्हा कुणी त्यांच्याकडे आणली नाही. हे केवळ पार्श्वगायनाने झाले असे मी म्हणणार नाही. मालकाच्या फाटकाशी बसलेल्या बाईला कंपन्या विसरत नाहीत, असा माझा संशय आहे.

२४ फेब्रुवारी १९६४ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. पन्नाशीही गाठली नव्हती. 'सुभद्रा'तले ते द्वंद्वगीत आज मोबाइलवर सापडते. खाली बहुधा लताबाईंचे नाव आधी असते.